आपला ‘कॉन्ट्रा’ नेमका कोणत्या देशाचा?

नव्वदच्या दशकात पुण्याच्या पेठांत आणि सोसायट्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘कॉन्ट्रा’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, त्यात वरून खोचायची कॅसेट, निळ्या आणि लाल विजारीतले उघड्या अंगाचे दोन सैनिक, आणि एकदम अनेक गोळ्या सोडणारी हातातली ‘एस’ची गन गेली की शेजारी बसलेल्याने ‘गेली!’ म्हणून मारलेली हाळी, एवढे सगळे त्या एका नावात येते. आपण खेळतो तो खेळ मुळात कोणत्या देशातल्या मुलांसाठी केलेला होता, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणालाही कधी पडला नाही. मला तो पडला चाळिशी ओलांडल्यावर, आणि त्याच्या उत्तरासाठी जुना बाजार, तापकीर गल्ली, एका मित्राची ओसाकावारी आणि जपानी शिकवणाऱ्या वहिनी असा बराच लांबचा फेरा घ्यावा लागला.

सुरुवात झाली ती मंगळवार पेठेजवळच्या जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी तिथे ताडपत्र्यांवर पितळी दिव्यांपासून ड्रिल मशिनपर्यंत काहीही मांडलेले असते. अशाच एका ताडपत्रीवर मला पांढऱ्या-लाल रंगाचा, उन्हाने पिवळट पडलेला व्हिडिओ गेम दिसला, आणि त्याच्याबरोबर रबरबँड लावलेल्या काही कॅसेट. ‘चालू आहे का हो?’ असे विचारल्यावर विक्रेत्याने शांतपणे सांगितले, ‘साहेब, चालू असता तर घरीच खेळत बसलो असतो.’ या उत्तरानंतर घासाघीस करण्यात अर्थ नव्हता. यंत्र घेतले आणि तापकीर गल्लीत नेले.

ज्या दुकानात मी गेलो तिथल्या कारागिराने झाकण उघडून मीटर लावला आणि ‘काही नाही हो काका, सात-आठ-शून्य-पाच गेलाय’ असे निदान केले. ॲडॅप्टरकडून येणारा नऊ व्होल्टचा दाब पाच व्होल्टवर आणणारा तो तीन पायांचा सुटा भाग. तो बदलला, कॅसेटच्या खाचेतल्या पिना स्पिरिटने पुसल्या, आणि टीव्हीवर चॅनल शोधत बसण्याची कटकट नको म्हणून चित्र टीव्हीच्या चॅनलवर पाठवणाऱ्या मॉड्युलेटरच्या आधीच चित्राची तार बाहेर काढून घेतली. खरे काम त्यापुढे होते.

कॅसेटींपैकी एक निव्वळ ‘कॉन्ट्रा’ची होती. तिच्यावरचे चित्र दुसऱ्याच कुठल्यातरी खेळाचे होते आणि खेळ सुरू होताच तीस लाइफ आयत्या मिळत होत्या. ‘वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए’ हा बटणांचा मंत्र शाळेच्या बसमध्ये तोंडपाठ झालेल्या पिढीला ही फुकटची श्रीमंती थोडी अपमानास्पदच वाटते. ‘कॉन्ट्रा’ बनवणाऱ्या कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ‘ग्रॅडिअस’ हा दुसरा खेळ फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेन्डोच्या जपानी घरगुती गेमयंत्रावर आणताना, चाचणी घेताना आपल्यालाच तो खेळ झेपेना म्हणून ही युक्ती त्यात घातली होती. ‘कॉन्ट्रा’मध्ये ती तीस लाइफसाठी आली आणि जगभर याच खेळामुळे प्रसिद्ध झाली.

कॅसेटीचे प्लास्टिक उघडले तेव्हा आत बरीचशी मोकळी जागा आणि तळहाताएवढी सर्किटची पाटी निघाली. तिच्यावर एक मोठी चिप, दोन लहान साध्या चिपा आणि ‘६२६४’ असा क्रमांक असलेली एक मध्यम आकाराची चिप होती. ही शेवटची चिप म्हणजे आठ किलोबाइटची रॅम. खेळाची चित्रे कायमची कोरून ठेवलेली नसून ती दर वेळी या रॅममध्ये उतरवून घेतली जातात, एवढे त्यावरून कळते. त्या वेळी मी याची केवळ नोंद केली. तिचा अर्थ लागला तो जपानी कॅसेट हातात आल्यावर.

कंपनीच्या कामासाठी माझा एक मित्र ओसाकाला जाणार होता. तिथल्या निप्पोनबाशी भागात जुन्या खेळांची दुकाने आहेत, असे मी त्याला सांगून ठेवले होते आणि त्याने खरोखरच खोका आणि पुस्तिकेसकट फॅमिकॉमचा ‘कॉन्ट्रा’ आणला. कोनामीने हा खेळ आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांवर, १९८७ साली आणला आणि फॅमिकॉमवर ९ फेब्रुवारी १९८८ रोजी. आपल्याकडे विकली गेलेली बहुतेक यंत्रे ही जपानी फॅमिकॉमच्या नकला असल्याने त्यांची खाच साठ पिनांचीच असते, अमेरिकेत आणि युरोपात विकल्या गेलेल्या एनईएसची, म्हणजे फॅमिकॉमच्याच तिकडच्या रूपाची, मात्र बहात्तर पिनांची. म्हणून ओसाकाहून आलेली कॅसेट जुन्या बाजारातल्या यंत्रात कोणत्याही जोडणीशिवाय बसली आणि पहिल्या फटक्यात सुरू झाली. फुंकरही मारावी लागली नाही.

सुरू झाली ती मात्र अनोळखी वाटली. नावाच्या पडद्यानंतर थेट जंगल यायचे, अशी माझ्या बोटांना सवय. इथे आधी गोष्ट सांगणारे चित्र आले, मग बेटाचा नकाशा आला, त्यावर आपण कुठे उतरणार हे दाखवले गेले, आणि मग कुठे दोघे सैनिक वरून उडी मारून खाली आले. पहिला टप्पा मला डोळे मिटून पार करता येतो, त्यामुळे मी शत्रूंकडे बघत होतो. शेजारी बसलेला भाचा, ज्याला या खेळाची काहीच सवय नव्हती, तो मात्र मागच्या चित्राकडे बघत होता. ‘मामा, झाडं हलतायत,’ तो म्हणाला. खरोखरच पहिल्या टप्प्यातल्या माडांच्या झावळ्या वाऱ्यावर डुलत होत्या. मी खेळ थांबवला, यंत्र बंद केले, जुन्या बाजारातली कॅसेट लावली आणि तोच भाग पाहिला. झावळ्या जागच्या जागी ताठ. त्या टप्प्यात माझे बालपणाचे किती तास गेले असतील कोण जाणे, पण ती झाडे कधीच हलली नव्हती.

इथे त्या ‘६२६४’ चिपचा उलगडा झाला. फॅमिकॉममध्ये पडद्यावरचे सगळे चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या लहान तुकड्यांनी भरलेले असते. जपानी ‘कॉन्ट्रा’च्या कॅसेटमध्ये हे तुकडे १२८ किलोबाइटच्या स्वतंत्र रॉममध्ये कायमचे ठेवलेले आहेत, आणि कोनामीने स्वतः तयार केलेली व्हीआरसी-२ नावाची चिप त्यातले एकेक किलोबाइटचे गट, म्हणजे चौसष्ट तुकडे, क्षणात बदलू शकते. झावळी डावीकडे झुकलेली असताना एक गट आणि उजवीकडे झुकलेली असताना दुसरा गट, अशी नुसती अदलाबदल केली की पडद्यावरची सगळी झाडे एकदम हलतात आणि मुख्य प्रोसेसरला त्यासाठी जवळपास काहीच श्रम पडत नाहीत. अमेरिकेत मात्र निन्टेन्डोच्या नियमांमुळे कोनामीला स्वतःची चिप वापरता येत नव्हती. म्हणून अमेरिकी आवृत्तीसाठी साधी पाटी निवडली गेली, जिच्यात चित्रांसाठी रॉमऐवजी आठ किलोबाइटची रॅम असते आणि प्रत्येक तुकडा प्रोसेसरने स्वतः तिथे वाहून न्यावा लागतो. एक चित्र रंगवून झाल्यावर पुढचे सुरू होण्यापूर्वी जी बारीकशी फट मिळते, तेवढ्यातच ही वाहतूक करता येते, आणि त्या फटीत एक किलोबाइट काही मावत नाही. अमेरिकी आवृत्तीतून झावळ्यांचा वारा गेला, आणि त्याबरोबर गोष्टीची चित्रे आणि नकाशेही गेले.

आपल्याकडे आलेल्या बिनपरवाना कॅसेटींमध्ये ही अमेरिकी आवृत्ती का असावी, याचेही उत्तर त्या पाटीवरच दिसते. तिला कोनामीच्या खास चिपची नक्कल करावी लागत नाही. बाजारात कुठेही मिळणाऱ्या दोन साध्या लॉजिक चिपा आणि एक रॅम एवढ्यावर काम भागते. स्वस्तात कॅसेट काढणाऱ्याने हाच मार्ग धरला तर त्याला दोष देता येणार नाही. माझ्याकडच्या कॅसेटमध्ये निदान तसेच झाले होते.

त्यानंतर मी दोन्ही कॅसेट एकामागून एक लावून आठही टप्पे ताडून पाहिले. मधले बरेच टप्पे, म्हणजे पाठीमागून दिसणारे दोन तळ किंवा धबधबा, यांत खेळताना जाणवावा असा फरक मला आढळला नाही. पाचव्या, बर्फाच्या टप्प्याचे मात्र तसे नाही. जपानी आवृत्तीत तिथे सतत हिमवादळ चालू असते. वाऱ्याबरोबर तिरके सरकणारे पांढरे कण पडद्यावर असले की शत्रूच्या पांढऱ्या गोळ्या शोधायला डोळ्यांना किंचित अधिक कष्ट पडतात, आणि जो टप्पा लहानपणी मला सर्वांत कंटाळवाणा वाटत असे तोच इथे सर्वांत चांगला वाटला. शेवटच्या टप्प्यात, परग्रहावरच्या प्राण्याच्या पोटात शिरल्यासारखी जी जागा आहे, तिथल्या भिंती जपानी कॅसेटमध्ये धडधडतात. आमच्या कॅसेटमध्ये त्या नुसत्याच गुलाबी होत्या. माडांच्या झावळ्या हा माझ्या मते केवळ अलंकार आहे, पण बर्फ आणि त्या भिंती काढल्याने खेळाचे खरे नुकसान झाले.

पुस्तिका वाचायची राहिली होती. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची संख्या मोठी असल्याने अशा कामासाठी फार दूर जावे लागत नाही. माझ्या एका मित्राच्या पत्नी गेली अनेक वर्षे जपानीचे वर्ग घेतात. ‘वहिनी, जरा वेळ असेल तर हे वाचून दाखवाल का?’ म्हणून मी पुस्तिका पुढे केली, तेव्हा त्यांना वाटले कुठल्या यंत्राचे माहितीपत्रक असावे. चित्र पाहून त्या म्हणाल्या, ‘अहो, हा तर आमच्या घरी माझा भाऊ खेळायचा!’ त्यांनी वाचून सांगितले त्याप्रमाणे गोष्ट २६३१ सालापासून सुरू होते. न्यूझीलंडजवळच्या गालुगा नावाच्या बेटांवर एक उल्का कोसळते, पुढे तिथे ‘रेड फाल्कन’ ही शत्रुसेना तळ ठोकते, आणि बिल व लान्स या दोन सैनिकांना तिचा बीमोड करायला पाठवले जाते. अमेरिकी पुस्तिकेने यातले भविष्य काढून टाकले आणि तीच लढाई त्या काळच्या वर्तमानात, दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलात नेऊन ठेवली. आम्हाला दोन्हींपैकी एकही गोष्ट ठाऊक नव्हती. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात हे दोघे सरळ सरळ शत्रूच्या हद्दीत गेलेले जवान होते आणि त्यापलीकडे कथानकाची कुणाला गरज वाटली नव्हती.

आतापर्यंतचा निष्कर्ष असा होता की आपण अमेरिकी आवृत्ती खेळत होतो. पण एक गोष्ट जुळत नव्हती. कोनामीने २०१९ साली या मालिकेतले जुने खेळ एकत्र करून आजच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध केले, त्या संग्रहात अमेरिकी आणि जपानी असे दोन्ही ‘कॉन्ट्रा’ आहेत. ते मी भाच्याच्या यंत्रावर लावले तेव्हा अमेरिकी आवृत्ती दिसायला तंतोतंत माझ्या कॅसेटसारखी होती, पण हातात बसेना. उडी लवकर संपत होती, शत्रू अंगावर लवकर येत होते, आणि पहिल्या टप्प्याचे संगीत तर जणू कुणीतरी घाईने आटपत होते. वयाचा परिणाम म्हणून मी हे सोडून देणार होतो. पण भाच्याने दोन्हीकडचे संगीत फोनवर ध्वनिमुद्रित केले आणि शेजारी शेजारी वाजवून दाखवले. जुन्या बाजारातल्या यंत्रावर ते स्पष्टपणे संथ होते.

याचे कारण टीव्हीत आहे. जपान आणि अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला साठ वेळा चित्र उमटत असे. भारतातली पाल पद्धत पन्नासाची. त्या काळातले खेळ आपले घड्याळ या उमटण्यावरच चालवतात. सैनिकाने एका चित्रात किती ठिपके पुढे सरकायचे आणि संगीताचा पुढचा स्वर कितव्या चित्रावर वाजवायचा, हे सगळे तिथे मोजलेले असते. त्यामुळे साठ चित्रांची हालचाल टोकियोत एका सेकंदात उरकते आणि पुण्यात तिला १.२ सेकंद लागतात. पाल टीव्हीसाठी तैवानच्या यूएमसी कंपनीने बनवलेल्या नकली चिपांमध्ये यावर एक मोठी हुशारीची सोय केलेली आहे. एका चित्रात २६२ ऐवजी ३१२ रेषा असल्या तरी वाढीव रेषा अशा ठिकाणी घातल्या आहेत की चित्र संपल्यानंतरची ती बारीक फट खेळाच्या दृष्टीने जपानी यंत्राएवढीच राहते, आणि म्हणून जपानी बाजारासाठी लिहिलेले खेळ त्यांच्यावर मोडत नाहीत. प्रोसेसरचा वेगही १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे मूळच्या १.७९च्या अगदी जवळ ठेवलेला आहे. युरोपच्या अधिकृत एनईएसमध्ये तो १.६६ असल्याने संगीताच्या पट्टीतच एका अर्धस्वराहून अधिक उतार येऊ शकतो आणि तो टाळण्यासाठी खेळ करणाऱ्यालाच दुरुस्ती करावी लागते. आपल्या यंत्रात पट्टी जवळजवळ तीच राहते, उतरते ती फक्त लय. भाच्याच्या ध्वनिमुद्रणात नेमके हेच ऐकू येत होते: सूर जुळत होते, पण एक द्रुत आणि दुसरे मध्यलयीत.

म्हणजे पुण्यात आम्ही जो ‘कॉन्ट्रा’ खेळलो तो तीनही अधिकृत बाजारांपैकी कुठलाच नव्हता. प्रोग्राम अमेरिकी, खाच जपानी आणि लय पाल टीव्हीची, असा तो एक चौथाच खेळ होता, जो कोनामीने कधी तयार केला नाही. तो मूळ खेळापेक्षा एक षष्ठांशाने संथ होता, म्हणजे तेवढाच सोपाही होता. आम्ही एका लाइफमध्ये पाचवा टप्पा गाठल्याच्या ज्या फुशारक्या मारत असू, त्यांचा हिशेब आता तेवढा कमी करून धरावा लागेल.

युरोपची आवृत्ती पाहायला मिळाली ती कोथरूडमधल्या एका संग्राहकाच्या सौजन्याने. त्यांच्याकडे बहात्तर पिनांची कॅसेट साठ पिनांच्या खाचेत बसवणारा जोडही होता. युरोपात या खेळाचे नाव ‘प्रोबोटेक्टर’ ठेवले गेले, आणि तो तिथे १९९० साली आला. युद्ध आणि माणसांची हत्या दाखवणाऱ्या खेळांविषयी जर्मनीतली बालसंरक्षणाची भूमिका कडक होती, त्यामुळे बिल आणि लान्स यांच्या जागी आरडी-००८ आणि आरसी-०११ नावाचे दोन यंत्रमानव आले आणि समोरचे मानवी सैनिकही सगळे यंत्रमानव झाले. जंगल तेच, तळ तेच, बंदुकांची अक्षरे तीच, आणि झावळ्या अमेरिकेसारख्याच ताठ. खेळाच्या नियमांत काडीचा बदल नाही, तरी मला हा प्रकार पसंत पडला नाही. माणसाच्या आकृतीला गोळी लागली की ती मागे फेकली जाते, हे क्षणार्धात कळते. यंत्रमानवांच्या गर्दीत आपला कोण आणि परका कोण हे ओळखायला पहिले काही क्षण जातात. संग्राहकांचे मत अगदी उलट होते. त्यांच्या मते उघड्या अंगाच्या नायकांपेक्षा हे यंत्रमानव अधिक ऐटबाज आहेत, आणि त्या चित्रकाराला केवळ सेन्सॉरचा हस्तक म्हणणे अन्यायाचे आहे. चहा दोनदा झाला, पण या मुद्द्यावर एकमत झाले नाही.

त्यांच्याकडेच मी १९९४ चा, सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रावरचा ‘कॉन्ट्रा : हार्ड कोअर’ प्रथम जपानी आणि मग अमेरिकी अशा क्रमाने खेळलो, आणि आधीचे सगळे फरक किरकोळ वाटावेत असा फरक तिथे निघाला. जपानी आवृत्तीत एका लाइफमध्ये तीन मार सोसता येतात आणि खेळ पुन्हा सुरू करण्याला मर्यादा नाही. अमेरिकी आवृत्तीत एक गोळी लागली की एक लाइफ गेली, आणि पुन्हा सुरू करण्याच्या संधीही मोजक्या. शत्रूंच्या चाली दोन्हीकडे त्याच आहेत, म्हणजे तीन मारांच्या हिशेबाने रचलेले हल्ले अमेरिकी मुलांना एका मारात झेलावे लागले. या मालिकेला अवघडपणाबद्दल जो लौकिक मिळाला आहे, त्यातला या खेळापुरता तरी मोठा वाटा अमेरिकी बाजारासाठी केलेल्या या बदलाचा आहे असे माझे मत झाले. हा खेळ नव्याने खेळू पाहणाऱ्याला मी निःसंकोचपणे जपानी आवृत्तीच सुचवतो. त्यातल्या वाटा मध्येच फुटतात आणि शेवटही वेगवेगळे आहेत. ते पाहायचे तर खेळ अनेकदा तडीस न्यावा लागतो, आणि एका गोळीच्या नियमाने ते बहुतेकांच्या हातून होत नाही. भाच्याने मात्र मामाचा सल्ला बाजूला ठेवून अमेरिकी आवृत्ती निवडली आहे, आणि सध्या तो दुसऱ्या टप्प्यापाशी अडकला आहे.